गच्चीचं कुलूप काढा: नागपुरातल्या फ्लॅट स्कीमच्या कमिट्यांना खुले पत्र

नागपुरातल्या सर्व अपार्टमेंट आणि सोसायट्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कमिटी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आमसभांमध्ये पाण्याची मोटर, लिफ्टचं एएमसी (देखभालीचा वार्षिक करार), थकलेला मेंटेनन्स आणि पार्किंग यावर तासन् तास बोलणं होतं. गच्ची, आवार आणि झाडांखालची जागा हा विषय मात्र निघालाच तर चहा यायच्या आत संपतो. गच्चीला कुलूप लावा, आवारात गट्टू (सिमेंटचे फरसबंदीचे ठोकळे) बसवा, पालापाचोळा चौकीदाराला जाळायला सांगा. नागपूरच्या कितीतरी फ्लॅट स्कीममध्ये हे तीन निर्णय फारशी चर्चा न होताच झालेले आहेत. त्यांच्याबद्दल मला तुमच्याशी सविस्तर बोलायचं आहे.

गेल्या काही वर्षांत मी एक गोष्ट सतत पाहते आहे. सगळ्यांची म्हणून असलेली जागा बंद झाली, की त्या जागेवर आपण जे आपल्या हातांनी करत होतो ते बाजारातून विकत आणावं लागतं. गच्ची बंद झाली की पापड-कुरडयांची पाकिटं येतात. आवारातली माती झाकली गेली की मातीचीही पिशवी येते. खिडकीत कूलर ठेवायला मनाई झाली की घरोघरी एसी येतो. प्रत्येक वेळी आपल्याला वाटतं की ही आपली सोय झाली. प्रत्यक्षात एक हातातलं काम गेलेलं असतं, एक खर्च वाढलेला असतो आणि थोडं प्लास्टिक किंवा थोडी उष्णता शहरात जास्तीची आलेली असते. पर्यावरणाची काळजी आणि घरातले छंद हे दोन वेगळे विषय आहेत असं मला वाटत नाही. दोन्ही याच जागेवर टिकतात किंवा संपतात, आणि ती जागा तुमच्या ताब्यात आहे.

वाळवणाचंच पाहा. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा. तो रात्रभर खाली बसू द्यायचा आणि वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून टाकायचं. पहाटे मोठ्या गंजात आधण ठेवून त्यात मीठ-हिंग घालायचं आणि चीक ओतून घोटत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. तोवर घरातली पोरं वाट्या घेऊन उभी असतात, कारण गरम चिकावर थोडं तेल आणि साखर घालून खाण्याची मजा वर्षातून एकदाच येते. मग साच्यात भरून जुन्या धुतलेल्या सुती लुगड्यावर कुरडया घालायच्या. आपल्या एप्रिलच्या उन्हात सकाळी घातलेली कुरडई दुपारनंतर कडेने सुटायला लागते, दुसऱ्या दिवशी उलटून आणखी ऊन दिलं की डब्यात भरायला तयार. हे काम एकटीचं नाहीच. एक घोटते, एक साचा फिरवते, एक लुगडं ताणून धरते, आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी खुर्चीवर बसून चीक किती शिजला ते नुसत्या वासावरून सांगतात.

हे सगळं करायला लागतं ते ऊन, लुगडं पसरता येईल एवढी जागा आणि शेजारीण. तिन्ही गोष्टी नागपुरात भरपूर आहेत. उन्हाच्या बाबतीत तर आपण देशाला पुरून उरू. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. पण गच्चीच्या दाराला कुलूप असतं, किल्ली सचिवांकडे असते आणि सचिव ऑफिसला गेलेले असतात. बाल्कनीत दोन ताटं मावतात, त्यामुळे दोन ताटांपुरतं वाळवण होतं. पुढच्या वर्षी तेही होत नाही. मग किराण्यातून पाकीट येतं, आणि त्या पाकिटाचं रिकामं प्लास्टिक कचरागाडीतून भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातं.

गोधडीचंही तसंच झालं. जुन्या साड्या एकावर एक पसरून टाके घालायला मोकळी फरशी लागते, आणि दोन बेडरूमच्या घरात ती नसते. थंडीच्या दिवसांत गच्चीवरच्या कोवळ्या उन्हात बसून बायका आठवडाभरात एक गोधडी पुरी करायच्या. आज तशीच गोधडी हाताने शिवलेली म्हणून दुकानात भरपूर किमतीला मिळते.

आता बागेकडे येते, कारण माझा स्वतःचा जीव तिथे गुंतलेला आहे. गेल्या काही वर्षांत नागपुरात कुंड्यांची हौस खूप वाढली आहे, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण आपण कुंडीत काय भरतो ते बघा. कोकोपीट येतं ते मुख्यतः तामिळनाडू आणि केरळकडून, नारळाच्या सोडणाचा भुसा दाबून, वीट करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. ते पाणी छान धरून ठेवतं, पण त्यात झाडाला खायला जवळपास काही नसतं. म्हणून त्याच्या जोडीला गांडूळखताची पिशवी, निंबोळी पेंडीची पिशवी आणि परलाइटची पिशवी लागते. परलाइट म्हणजे खाणीतून काढून भट्टीत फुलवलेली ज्वालामुखीची काच. चार पिशव्या शेकडो किलोमीटरवरून आल्या, तेव्हा कुठे आपलं एक टमाट्याचं रोप उभं राहिलं. निंबोळी पेंड तर आपण दुकानातून आणतो आणि कडुनिंबाची झाडं आपल्याच आवारात उभी असतात.

ज्या सकाळी ही पिशवी वर येते, त्याच सकाळी खाली पालापाचोळा जळत असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते, करंजाची होते, आणि देशी बदामाची ती मोठी तांबूस पानं अंगणभर पसरतात. झाडूने ढीग होतो, ढिगात चिप्सची पाकिटं आणि दुधाच्या पिशव्याही असतात, आणि कंपाउंडच्या कोपऱ्यात काडी लावली जाते. ओलसर पानांची आग धडधडत नाही, ती धुमसते. त्यामुळे धूर जास्त होतो, आणि त्यात बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड आणि प्लास्टिकमुळे येणारे विषारी वायू असतात. थंडीच्या सकाळी हवा जड असते, धूर वर जात नाही, खालच्या मजल्यांवर रेंगाळतो. पहिल्या मजल्यावरचं दम्याचं माणूस खिडक्या लावून बसतं. ज्याला हे काम सांगितलेलं असतं तो चौकीदार त्या धुरात उभा असतो, याचाही विचार आपण करत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो स्पष्ट आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा उघड्यावर जाळायला मनाई केली आणि बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायला सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये अशी भरपाई ठरवली. पण दंडाच्या भीतीने पानं जाळणं थांबवा असं मला सांगायचं नाही. ती पानं आपल्याला हवी आहेत, म्हणून थांबवा.

पानांचं खत करणं फार सोपं आहे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, सुक्या पानांत कार्बन जास्त. नुसता ओला कचरा साठवला तर त्याला पाणी सुटतं, वास येतो, माश्या होतात, आणि मग कमिटीकडे तक्रारी जातात. नुसती पानं ठेवली तर ती महिनोन् महिने तशीच राहतात. दोन्ही एकत्र आली की काम होतं. भाजीच्या देठांचा एक थर, त्यावर चुरलेल्या पानांचा दुप्पट-तिप्पट जाड थर, वरून थोडं आंबट ताक किंवा शेणाचं पाणी. ढीग हाताला पिळलेल्या फडक्याइतका ओला लागला पाहिजे. आठवड्यातून एकदा वर-खाली केलं की आतून वाफ निघते. कडुनिंबाची बारीक पानं तीन-चार महिन्यांत काळी, भुसभुशीत होतात, बदामाची चुरून घातली नाहीत तर जास्त वेळ घेतात. तयार खताला पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा मातीचा वास येतो. ज्यांना आजवर ढिगाच्या दुर्गंधीमुळे नाही म्हणावं लागलं असेल, त्यांनी एकदा हे खत हातात घेऊन बघावं. विटांचा किंवा जाळीचा एक हौद आवाराच्या कोपऱ्यात पुरतो. शेजारच्या तीन-चार स्कीमनी मिळून एक हौद केला तर आणखी छान.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत आणि त्या खोट्या नाहीत. गच्चीवर कुंड्या ठेवल्या की स्लॅब गळतो, हा सर्वांत मोठा आक्षेप. कुंडी थेट फरशीवर ठेवली, खाली पाणी साचलं आणि मुळं भेगेत शिरली तर गळणारच. विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर कुंड्या ठेवल्या, खाली झाडू फिरवता आला, पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग तपासलं, तर हा प्रश्न राहत नाही. वजनाची काळजीही बरोबर आहे. ओली माती लिटरला दीड किलोहून जास्त भरते, म्हणून निम्म्याहून जास्त पानांचं खत घातलेल्या हलक्या मिश्रणाच्या कुंड्या ठेवाव्यात आणि त्या कॉलम-बीमच्या वर, कडेने मांडाव्यात. लहान मुलं वर जातील ही भीती असेल तर कठडा उंच करा आणि वेळ ठरवून द्या. सोलर बसवायचं असेल तर पॅनल माणूस उभा राहील एवढ्या उंचीवर घ्या. खाली सावली मिळते, भाज्यांच्या रोपांना मे महिन्यात ती हवीच असते. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्यात, इमारतीच्या घोषणापत्रात (डिक्लेरेशनमध्ये) वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, छत, जिने, आवार आणि बाग या सामायिक जागा आहेत. त्या सगळ्या सदस्यांच्या आहेत आणि कमिटी त्यांची विश्वस्त आहे.

कूलरबद्दल. इमारतीचा देखावा बिघडतो म्हणून दर्शनी बाजूला कूलर लावू देत नाहीत, असं नव्या स्कीममध्ये ऐकते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर किती उत्तम चालतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. होळी झाली की कूलर खाली काढायचा, जुनं गवत फेकून नवं भरायचं किंवा वाळ्याच्या ताट्या लावायच्या, पंपातला क्षार व्हिनेगरने सोडवायचा, टाकीला आतून रंग द्यायचा, पंख्याच्या बुशला तेल द्यायचं. कित्येक घरांत हे काका लोकांचं आवडीचं काम आहे, त्यात नातवंडं पाना-पकड धरायला शिकतात. एसी बिघडला की माणूस बोलवावा लागतो. कूलर बिघडला की घरातलं माणूस तो उघडून बसतं. शिवाय एसी घरातली उष्णता बाहेर शेजाऱ्याच्या खिडकीसमोर टाकतो आणि त्याची वीज आपल्याच उत्तरेला कोराडी-खापरखेड्यात कोळसा जाळून तयार होते. डेंग्यूची काळजी असेल तर आठवड्यातून एक दिवस टाक्या रिकाम्या करून कोरड्या करण्याचा नियम कमिटीने घालावा. तो नियम मी सगळ्यात आधी पाळेन.

आता गट्टू. आवार चकचकीत दिसावं म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत गट्टू किंवा सिमेंट होतं, आणि झाडाच्या बुंध्याला गळफास बसावा तसं ते खोडाला भिडतं. आधीच रस्ते सिमेंटचे होऊन घरांपेक्षा उंच झालेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउटमधल्या घरांत शिरलं. त्या पुराची कारणं मोठी आहेत, एकट्या आवाराने तो थांबला नसता. पण हिशेब करा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो. ३०० चौरस मीटरच्या आवारावर १०० मिलिमीटर पडला की ३०,००० लिटर. झाकलेल्या आवारातून ते सगळं रस्त्यावर जातं, आणि उन्हाळ्यात त्याच आवारात आपण टँकर बोलावतो. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी सावकाश पिते, म्हणून तर तिच्यावर पानांचं आच्छादन हवं. दिल्लीत २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आपण कुणी आदेश देण्याची वाट कशाला बघायची?

पतंगांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. संक्रांतीला गच्ची उघडते तेव्हा पोरांच्या चक्रीवर नायलॉन मांजा असतो. २०१७ मध्ये हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली, मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या इथल्या नागपूर खंडपीठानेही तो विषय हाती घेतला, तरी तो विकला जातो, कारण स्वस्त आहे आणि तुटत नाही. त्याने पक्षी मरतात आणि दुचाकीवरच्या माणसांचे गळे कापले जातात. पूर्वी घरीच सुती दोरा सुतायचे, तोही काचेचा असला तर पक्ष्यांना कापतोच. म्हणून आपल्या गच्चीवर साध्या सुती दोऱ्याचाच पतंग उडेल असं कमिटीने ठरवावं.

कोराडीचे धुराडे दिसत असताना आवारातल्या दोन पोती पानांचं काय घेऊन बसलात, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. २००४ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीने लोकांना स्वतःचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या वागण्यातून हवेत किती कार्बन जातो ते, मोजायचं साधन दिलं आणि जाहिरातींतून ती कल्पना घरोघरी पोचवली. तेव्हापासून हवामानबदलाचा दोष ग्राहकाच्या पदरात पडत गेला, आणि दोषाचं ओझं वाटणाऱ्या ग्राहकाला पर्यावरणस्नेही वस्तू विकणारा नवा बाजार उभा राहिला. बांबूचा ब्रश, ज्यूटची पिशवी, तयार कंपोस्ट किट. त्या बाजाराला एकटं, काळजीत पडलेलं माणूस हवं असतं. गच्चीवर एकत्र बसून चीक घोटणाऱ्या चार जणी त्याच्या फारशा कामाच्या नाहीत.

आणि मोठे प्रश्नही त्या चार जणीच विचारू शकतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळ्यातल्या राखेच्या तलावाचा बांध फुटून राखमिश्रित पाणी आजूबाजूच्या शिवारात शिरलं. मे २०२३ मध्ये कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारायच्या प्रस्तावावर जनसुनावणी झाली. अशा सुनावणीला एकटं माणूस जायला बिचकतं. एका इमारतीतली, एकमेकांना नावाने ओळखणारी वीस माणसं गेली तर त्यांचं म्हणणं नोंदवून घ्यावं लागतं. अजनीत प्रकल्पासाठी तोडली जाणारी झाडं वाचवायला नागपूरकर रस्त्यावर उतरले होते, ते असेच मॉर्निंग वॉक आणि शेजारपाजारच्या ओळखीतून जमलेले लोक होते. कुलूपबंद गच्ची आणि बंद दारांच्या इमारतीत ही ओळख होणार कुठे?

म्हणून पुढच्या आमसभेसाठी ठरावाचा मसुदा सोबत देते आहे. आपापल्या सोयीने बदल करून घ्या.

"असे ठरले की, इमारतीची गच्ची रोज सकाळ-संध्याकाळ सर्व सदस्यांसाठी उघडी राहील आणि मार्च ते मे या काळात वाळवणासाठी दिवसभर उघडी राहील, किल्ली चौकीदाराकडे असेल. आवारातला पालापाचोळा यापुढे जाळला जाणार नाही, त्यासाठी मागच्या बाजूला खताचा हौद बांधला जाईल आणि तयार खत सदस्यांना विनामूल्य मिळेल. प्रत्येक झाडाभोवतीचे गट्टू एक मीटरपर्यंत काढले जातील. मागच्या आणि बाजूच्या खिडक्यांत कूलर बसवण्यास हरकत नसेल, टाक्या दर रविवारी कोरड्या केल्या जातील."

आमच्या इमारतीत सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदक दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आहेत. तुमच्याकडे ठराव मंजूर झाला तर हौद बांधायच्या दिवशी मला बोलवा, पहिल्या थरासाठी तयार खताचं विरजण मी घेऊन येईन.

आपली स्नेहांकित,
एका फ्लॅट स्कीममधली रहिवासी, नागपूर